घरच्या चुलीचा हिशेब

सुगी सरून खळीं मोकळीं झालीं आणि थंडी वाढूं लागली म्हणजे शेतकऱ्याच्या घरांतील जळणाचा खर्चही वाढूं लागतो. पहाटे न्हाणींतला बंब पेटतो, परसांत आगटी धुमसूं लागते, आणि स्वयंपाकघरांतील चूल उजाडण्यापूर्वीं पेटते ती रात्रीं निजानीज होईपर्यंत पुरती विझत नाहीं. बियाणें, खत, मजुरी, पाणीपट्टी यांचा हिशेब आमचे बहुतेक वाचक ठेवितात. पण चुलींत काय जातें व त्याच्या मोबदल्यांत काय मिळतें, याचा हिशेब ठेवणारा शेतकरी क्वचितच आढळेल. जळण बांधावरचें व शेण गोठ्यांतलें, म्हणजे तें फुकटच, अशी समजूत सर्वत्र असल्यामुळें हा विषय शेतकी मासिकांत चर्चिण्याजोगा कोणास वाटत नाहीं. आमचें मत याहून वेगळें आहे. चूल हें शेतकऱ्याच्या मालमत्तेंतील एक यंत्र आहे. विहिरीवरचा पंप जसा नीट चालतो कीं नाहीं हें पाहणें घरधन्याचें काम, तसेंच चुलीचेंही. तें त्यानें आजवर सर्वस्वीं बायकांवर सोंपवून दिलें, ही गोष्ट आम्हां कोणासच भूषणावह नाहीं.

आतां घरोघर गॅस आला असतां चुलीचें पुराण कशाला, असें कोणी विचारील. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें कोट्यवधि घरांत गॅसची शेगडी पोंचविली हें खरें, व ज्यास परवडेल त्यानें ती अवश्य वापरावी. कारण लांकडाची कितीही उत्तम चूल केली तरी फुप्फुसांच्या दृष्टीनें ती गॅसची बरोबरी करूं शकत नाहीं. परंतु शेगडी घरांत असणें आणि चूल विझणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ग्रामीण भारतांतील शंभरांपैकीं सुमारें ४३ घरेंच स्वयंपाकास स्वच्छ इंधन वापरतात असें दिसून आलें. ज्या घरीं सिलिंडर आहे तेथेंही चहा व फोडणी गॅसवर, आणि भाकरी, आंघोळीचें पाणी, गुरांचें आंबोण व कार्यप्रसंगाचा स्वयंपाक लांकडावर, अशी वांटणी झालेली आम्ही नित्य पाहतों. सिलिंडर संपून दुसरा येईपर्यंत तर सारा भार पुन्हां चुलीवरच. म्हणून चूल आहे तोंवर ती चांगली असली पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

धुराविषयीं प्रथम. आमच्या जुन्या वाड्यांत स्वयंपाकघर बहुधा घराच्या अगदीं पोटांत, जाड भिंतींच्या आड असतें. उजेडास एखादा झरोका, आणि धूर जावयाचा तो कौलांच्या फटींतून. माळवदाच्या घरांत तर तेवढीही वाट नसते. सर्व आढें-वासे काजळून काळे झालेले असतात, व त्यांकडे बोट दाखवून घर किती जुनें हें आपण अभिमानानें सांगतों. जो धूर वाशांवर बसला तोच दोन पिढ्यांच्या बायकांच्या छातींतही बसला, हें मात्र आपणांस सुचत नाहीं. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं कर्क स्मिथ व त्यांचे सहकारी यांनीं गुजरातेंतील खेड्यांत चुलीपाशीं बसणाऱ्या स्त्रियांच्या श्वासांत किती धूर जातो याचें मोजमाप केलें, तेव्हांपासून या विषयाकडे जगाचें लक्ष वेधलें. धुरांतील अतिसूक्ष्म कण दिवसभराच्या सरासरीनें एक घनमीटर हवेंत १५ मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक नसावेत, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें ठरविलें. आपल्या देशाची २००९ ची मर्यादा ६० ची आहे. बंद स्वयंपाकघरांत चूल पेटली असतां हा आंकडा कित्येक शेंकड्यांवर जातो. जुनाट खोकला, दमा, डोळ्यांत मोतीबिंदु, तान्ह्या मुलांस फुप्फुसाचा दाह, हीं सर्व या धुराचीं फळें होत. डॉक्टरचें बिल येतें तें मात्र आपण जळणाच्या खर्चांत कधीं धरीत नाहीं.

धूर म्हणजे काय, हें समजलें कीं उपाय आपोआप सुचतो. लांकूड पेटतें म्हणजे एकदम सारें लांकूड जळत नाहीं. प्रथम त्यांतील पाणी वाफ होऊन जातें. नंतर उष्णतेनें लांकडांतून ज्वालाग्राही वायु बाहेर पडतात, व सुक्या लांकडाच्या वजनाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग अशा वायुरूपानेंच निघून जातो. मागें राहतो तो कोळसा. हे वायु पुरेशा उष्णतेंत व पुरेशा हवेंत सांपडले तर त्यांची ज्वाला होते. विस्तव थंड असेल किंवा हवा पोंचली नाहीं तर तेच वायु न जळतां धूर होऊन निघून जातात. तेव्हां धूर हें न जळलेलें जळणच आहे. ज्या घरांतून पुष्कळ धूर निघतो त्या घरांतून पुष्कळ सरपणच हवेंत उडून जात आहे असें खुशाल समजावें. धूर कमी करणें व जळण वांचविणें हीं दोन कामें नसून एकच काम आहे.

हें शास्त्र आमच्या शेतकऱ्यास ठाऊक नाहीं असें नव्हे. गुऱ्हाळावर जाऊन पाहावें. चरकांतून निघालेलीं ओलीं चिपाडें कोणी तशींच चुलवाणांत घालीत नाहीं. तीं उन्हांत पसरून खडखडीत वाळवितात, मगच जाळतात. चुलवाणास खालून हवा यावयास वाट ठेवलेली असते, मागें उंच धुराडें असतें, आणि काहील चुलवाणावर अशी नेमकी बसविलेली असते कीं जाळ तिच्या बुडाखालून सरळ मागें खेंचला जावा. जाळ मंदावला कीं गुळव्या ओरडतो; कारण आधण बिघडलें तर गूळ बिघडतो व बाजारांत भाव जातो. जो मनुष्य गुळासाठीं इतका दक्ष असतो, त्याच्याच घरीं त्याची आई अगर सून ओल्या बाभळीच्या ओंडक्यापुढें फुंकणी घेऊन डोळे चोळीत बसलेली असते. गुळाचा पैसा येतो आणि भाकरीचा येत नाहीं, याहून दुसरें कारण आम्हांस दिसत नाहीं.

आतां उपायांकडे वळूं. ज्यास कांहींच खर्च नाहीं तो उपाय प्रथम सांगतों. तो म्हणजे सुकें जळण. ताज्या तोडलेल्या लांकडांत निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचें असतें. असें एक किलो लांकूड चुलींत घातलें तर अर्धा किलो पाणी आपण प्रथम उकळून वाफ करून घालवितों. त्यास सुमारें ३०० उष्मांक लागतात. उरलेलें अर्धा किलो कोरडें लांकूड जळून २,२०० च्या आसपास उष्मांक देतें. म्हणजे सातवा हिस्सा पाणी हांकण्यांतच गेला. पण खरें नुकसान याहून मोठें आहे. वाफेमुळें विस्तव थंड पडतो, व वर सांगितलेले वायु न जळतां धूर होऊन जातात. यासाठीं लांकूड मार्गशीर्ष-पौषांत तोडावें, तेव्हांच फोडून दोन-तीन बोटें जाडीच्या ढलप्या कराव्या, आणि जमिनीपासून वीतभर उंच, दोन दगडांवर आडवे वासे टाकून, वाऱ्याला व उन्हाला लागेल असें रचावें. अखंड ओंडका वर्षभर पडला तरी आंतून ओलाच राहतो. फोडलेलें लांकूड एका उन्हाळ्यांत वाळतें. रोहिणीचा पाऊस येण्यापूर्वीं तें छपराखालीं गेलेंच पाहिजे. आमच्या आज्या पावसाळ्याच्या सरपणाची बेगमी चैत्र-वैशाखांतच करीत, तें उगाच नव्हे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असतां खणखणीत आवाज आला, टोंकांस चिरा पडल्या असल्या, साल सुटूं लागली असली, तर जळण वाळलें असें जाणावें. जळतांना टोंकाशीं फेंस येऊन सूं-सूं आवाज झाला तर तें परत छपराखालीं टाकावें. तुराट्या व पळकाट्या लवकर पेटतात, पण भरभर संपतात. त्या पेटवणास ठेवून मुख्य जळण बाभूळ, वेडी बाभूळ, सुबाभूळ अशा जड लांकडाचें असावें.

दुसरा उपाय चुलीच्या रचनेचा, व त्यास खर्च थोडाच. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलींत लांकडाच्या उष्णतेपैकीं शेंकडा १० च्या आसपासच भांड्यास पोंचते. भारतीय मानक संस्थेनें २०१३ मध्यें सुधारलेल्या मानकाप्रमाणें पंख्याशिवाय चालणाऱ्या चुलीनें निदान शेंकडा २५ व पंख्याच्या चुलीनें ३५ उष्णता भांड्यास दिली पाहिजे. हा फरक कशानें पडतो? एक म्हणजे जाळाखालीं लोखंडी जाळी असावी, म्हणजे राख खालीं पडते व हवा खालून निखाऱ्यांतून वर जाते. फुंकणीची गरजच उरत नाहीं. दुसरें, भांडें व चुलीची कड यांमध्यें बोटभरापेक्षां अधिक फट नसावी, म्हणजे जाळ भांड्यास घासून जातो, बाजूनें निसटत नाहीं. तिसरें, लांकडाचीं फक्त टोंकें जाळांत असावीं व तीं जळतील तसतशीं आंत सारावीं. चुलीचें तोंड लांकडांनीं गच्च भरलें कीं हवेची वाट बुजते. चौथें, जाळाच्या भोंवतीं मातीचा फार जाड थर नसावा. थंड जाड माती पहिल्या अर्ध्या तासांत बरीच उष्णता स्वतःच पिऊन टाकते. माती कालवितांना तींत भाताचें तूस किंवा गव्हाचा भुसा घातला तर ती हलकी होते व उष्णता कमी पिते. शेवटचें म्हणजे धुराडें. तें वैलाच्या मागून निघून छपराच्या आढ्यावर दोन-तीन फूट उंच जावें, वाशांपासून दूर असावें, व महिन्यांतून एकदां झाडावें. सिमेंटच्या ज्या नळ्यांत ॲस्बेस्टॉस असतें त्या टाळून भाजलेल्या मातीच्या अगर पत्र्याच्या नळ्या घ्याव्या. वैलावर भांडें नसेल तेव्हां त्यावर झांकण हवेंच. नाहीं तर धुराडें असूनही सारा धूर घरांतच येतो.

बंबाचा हिशेब तर प्रत्येकानें आपल्या घरीं करून पाहण्यासारखा आहे. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक उष्मांक लागतो. पांच माणसांच्या आंघोळीस १०० लिटर पाणी २० अंशांपासून ४५ अंशांपर्यंत तापवावयाचें तर २,५०० उष्मांक लागतील. वाळलेलें लांकूड किलोस सुमारें ३,५०० उष्मांक देतें. उघड्या तीन दगडांवर हंडा ठेवून शेंकडा १० उष्णता पाण्यास मिळाली तर सात किलो लांकूड लागेल. नीट चालणाऱ्या बंबांत ३० मिळाली तर अडीच किलोंच्या आंतच काम होईल. रोजचा फरक साडेचार किलोंहून अधिक. थंडीच्या चार महिन्यांत तो साडेपांच क्विंटलांवर जातो, आणि एवढें लांकूड कोणी तरी तोडून, फोडून, डोक्यावर वाहून आणलेलें असतें. आपला जुना तांब्याचा बंब ही मुळांत फार शहाणी योजना आहे. मध्यें जाळाची नळी व तिच्या सभोंवार पाणी, यामुळें उष्णतेस पाण्यांतूनच जावें लागतें. बिघाड होतो तो वापरण्यांत. नळी काजळीनें भरलेली, आंतून क्षाराचा थर बसलेला, झांकण हरवलेलें, व इंधन म्हणून ओला पालापाचोळा. मग बंबानें तरी काय करावें? वर्षांतून दोनदां तो आंतबाहेर स्वच्छ केला व नळी आठवड्यास झाडली तर बंबाचें काम सुधारतें. ज्यास ऐपत आहे त्यानें छपरावर सूर्यबंब बसवावा. ढगाळ दिवसापुरतें लांकूड मग पुरे होईल.

जुनें घर उबदार राखण्याविषयींही येथें चार शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण निफाडकडील व सातपुड्याच्या पायथ्याची थंडी वृद्धांस व बाळंतिणींस सोसवत नाहीं, आणि त्यासाठीं माजघरांत घमेल्यांत निखारे ठेवण्याची चाल सर्वत्र आहे. युरोपच्या थंड भागांत, रशिया, फिनलंड व ऑस्ट्रिया या देशांत, जाड विटांच्या मोठ्या भट्ट्या घरांत बांधितात. त्यांत दिवसांतून एकदां किंवा दोनदां सुकें लांकूड मोठ्या जाळानें झटपट जाळतात, व तापलेली वीट पुढें तासन्‌तास ऊब देत राहते. इंग्लंडांत काउंट रम्फर्ड यानें १७९६ मध्यें उघड्या शेकोट्यांचें धुराडें गळ्याशीं अरुंद करून व शेकोटी उथळ करून घरांतील धूर व जळण दोन्ही कमी केलीं. या सर्वांचें तत्त्व एकच: जाळ मोठा व थोडा वेळ असावा, आणि उष्णता भिंतीनें सांठवावी. रात्रभर धुमसत ठेवलेला ओंडका ऊब थोडी व धूर फार देतो. आपल्या वाड्यांच्या जाड भिंती याच कामाच्या आहेत. चूल स्वयंपाकघर व माजघर यांमधील भिंतीलगत असून तिचें धुराडें त्या भिंतीच्या अंगानें गेलें, तर स्वयंपाकानंतर वायां जाणारी उष्णता माजघरास मिळते. त्याबरोबर दारांच्या फटी व खालून येणारा वारा बंद केला म्हणजे झालें. परंतु निखाऱ्यांचें घमेलें बंद खोलींत ठेवून कोणीही निजूं नये. धूर दिसत नसला तरी कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो; त्यास वास नसतो, आणि निजलेला मनुष्य त्यानें निजल्या जागींच दगावतो. बंद न्हाणींत पेटता बंब ठेवण्यासही हाच धोका आहे.

गोवऱ्यांविषयीं शेतकऱ्यास फार सांगावयास नको. शेण जाळलें म्हणजे त्यांतील नत्र व सेंद्रिय द्रव्य हवेंत जातें. राखेंत पालाश व स्फुरद तेवढें उरतें. एका हातानें नत्राच्या गोणीस पैसे मोजावयाचे व दुसऱ्या हातानें घरचें नत्र चुलींत घालावयाचें, हा व्यवहार कोणत्या हिशेबांत बसतो? ज्याच्या दावणीस चार-पांच जनावरें आहेत त्यास रोजचें ५० किलो शेण मिळतें. तेवढ्यांत दोन घनमीटरचा गोबरगॅस चालून कुटुंबाचा स्वयंपाक होतो, आणि रबडी खतासाठीं शिल्लक राहते. शेताच्या कडेस पेटवून देण्यांत येणारें उंसाचें पाचटही असेंच वायां जातें. त्याचा कोळसा करण्याची रीत पुण्याच्या 'आरती' या संस्थेनें बसविली व तिला २००२ मध्यें ॲशडेन पारितोषिक मिळालें. आमच्या मतें पाचटाचा पहिला हक्क जमिनीचा आहे; पण जेथें तें पेटवूनच द्यावयाचें, तेथें कोळसा केलेला बरा.

सुधारलेल्या चुलीची गोष्ट आजची नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडींत १९३४ मध्यें स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कार्यांतून 'मगन चूल' निघाली, हैदराबादेस डॉ. राजू यांनीं निर्धूर स्वयंपाकघरावर १९५३ मध्यें पुस्तकच लिहिलें. १९८३ मध्यें केंद्र सरकारनें राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हातीं घेतला व २००२ पर्यंत सुमारें साडेतीन कोटी चुली बसविल्या. त्यांपैकीं पुष्कळ मोडल्या, पुष्कळांचीं धुराडीं बुजलीं, व बायकांनीं त्यांच्या शेजारीं पुन्हां जुनी चूल मांडली. यावरून सुधारलेली चूल निरुपयोगी असा निष्कर्ष कांहीं जण काढितात. तो आम्हांस मान्य नाहीं. ज्या चुलीच्या तोंडाशीं निखाऱ्यावर भाकरी शेकतां येत नाहीं, जिच्या भोंकांत घरचा तवा व पातेलें बसत नाहीं, आणि जिची दुरुस्ती करणारा गांवांत कोणी नाहीं, ती चूल अयशस्वी होणारच. आंकडा भरण्यासाठीं बसविलेल्या वस्तूची घरांत कोणास माया नसते. जिला ती चूल रोज वापरावयाची, तिला विचारून, तिच्या भांड्यांच्या मापानें व तिच्या बसण्याच्या सोयीनें जी बांधली जाईल तीच टिकेल.

राहिले दोन आक्षेप. धुरानें वासे टिकतात व वाळवी लागत नाहीं. आणि चुलीवर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांस कीड लागत नाहीं. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. परंतु वाशांस तेल किंवा वाळवीचें औषध लावतां येतें. बियाणें चांगलें वाळवून, राख मिसळून, घट्ट झांकणाच्या कणगींत ठेवतां येतें. माणसाच्या फुप्फुसास असा पर्याय नाहीं. बियाण्याच्या पायलीसाठीं घरच्या लक्ष्मीचा श्वास खर्ची घालणें हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्यानें करूं नये.

म्हणून आमची वाचकांस सूचना अशी आहे. या हंगामांत प्रत्येकानें एक आठवडा आपल्या घरीं चूल व बंब यांत जाणारें जळण वजन करून लिहावें. नंतर सुक्या जळणाचें छप्पर उभारावें, चुलीस जाळी व धुराडें बसवावें, आणि पुन्हां एक आठवडा वजन करावें. दोन्ही आंकडे या मासिकाकडे पाठविल्यास आम्ही ते आनंदानें छापूं. गांवोगांवच्या शाखांनींही चूल बांधणें व दुरुस्त करणें जाणणारी एक तरी बाई अगर गवंडी तयार करावा, व तिच्या कामाचा योग्य मोबदला द्यावा. नव्या बियाण्याच्या प्रयोगास आपण जागा देतों तशी या प्रयोगासही द्यावी. यांत कोणा सरकारच्या मदतीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. माती घरची आहे, लांकूड बांधावरचें आहे, आणि जाळी व नळीस लागणारी रक्कम औषधाच्या एका फवारणीच्या खर्चाहून फार मोठी नाहीं. खर्चाचा हा पैसा घरधन्याच्या हातांत असतो. म्हणून पहिलें पाऊलही त्यानेंच टाकिलें पाहिजे.